मूळ कागद वाचावयास शिका



ग्रंथालयात पुस्तक सापडले म्हणजे खरी माहिती हाती आली, असे नव्हे. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा १९५० चा आदेश घ्या. शिखांच्या काही जाती सोडल्यास हिंदूंखेरीज कोणासही त्यात स्थान नव्हते. १९५६ साली शीख धर्म व १९९० साली बौद्ध धर्म त्यात समाविष्ट झाला. जुनी प्रत वाचणारा पदवीधर बौद्ध बांधवास 'तुझा हक्क गेला' असे सांगेल आणि तो बिचारा अर्जच करणार नाही! म्हणून प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून तीन प्रश्न घोटवून घ्यावेत : मजकूर कोणी प्रसिद्ध केला? केव्हा? पुढे दुरुस्ती झाली काय? उत्तर राजपत्रात पाहावे. ऐकीव गोष्टीवर विसंबून कोणीही आपला हक्क सोडू नये, एवढेच माझे सांगणे आहे.