कर्णबधिर बालकाचा अक्षरांशी परिचय



मूल पहिलीच्या वर्गात येऊन पाटीवर अक्षरे गिरवू लागते, तेव्हा त्याच्या साक्षरतेचा प्रारंभ झाला, असे आपण मानतो. वस्तुतः तो प्रारंभ पाळण्यातच झालेला असतो. आईची हाक, आजीची गोष्ट, ओट्यावरच्या गप्पा ऐकत ऐकत मूल पाच-सहा वर्षांत भाषा आत्मसात करते. 'पाणी' हा शब्द त्याच्या ओठी असतोच. तो लिहावयाचा कसा, एवढेच शाळेने सांगावयाचे असते.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या बालकाची स्थिती निराळी असते. फळ्यावर 'पाणी' लिहिले, तरी ती अक्षरे ज्या शब्दाची खूण आहेत, तो शब्दच त्याच्याजवळ नसतो. त्याला भाषा आणि लिपी एकाच वेळी शिकावी लागते. ते मागे पडते ते बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर भाषा त्याच्यापर्यंत पोहोचली नाही म्हणून.

ओठांच्या हालचालींवरून ते सारे समजून घेईल, हाही एक गैरसमज आहे. आरशासमोर उभे राहून 'पान', 'बाण' आणि 'मान' हे शब्द उच्चारून पाहावेत. ओठांवर ते जवळजवळ सारखेच दिसतात. 'क' आणि 'ग' तर तोंडात इतके मागे उच्चारले जातात, की बाहेरून दिसतच नाहीत. आपल्या मराठीत आणखी एक अडचण आहे. 'वाघाने माणसाला पाहिले' आणि 'वाघाला माणसाने पाहिले' या दोन वाक्यांत शब्दांचा क्रम तोच आहे. अर्थ फिरतो तो 'ने' आणि 'ला' या प्रत्ययांमुळे. बोलण्याच्या ओघात हेच प्रत्यय हलके उच्चारले जातात आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या कानांतून निसटतात. अशा वेळी लिखित वाक्य हेच त्याचे मोठे साहाय्य ठरते. कानांनी गमावलेला प्रत्यय डोळ्यांना दिसतो.

म्हणूनच सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. पहिल्या महिन्यात श्रवणाची प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निश्चित निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजनेस प्रारंभ, हा क्रम आता जगभर मान्य झाला आहे. तथापि, 'याचे वडीलही उशिराच बोलले होते' या एका वाक्यावर अनेक घरांत दोन-तीन वर्षे निघून जातात. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोषाच्या तपासणीचा समावेश आहे. शंका येताच बालकास तपासणी पथकापुढे अथवा जिल्हा रुग्णालयात नेणे, हे आपल्या हाती आहे.

श्रवणयंत्र मिळाले म्हणजे कार्य संपले, असे नव्हे. ते चालते किंवा नाही, हे दररोज पाहावयास हवे. शिक्षकाने मुलाच्या मागे उभे राहून 'आ', 'ई', 'ऊ', 'म', 'स', 'श' हे सहा ध्वनी एकेक करून उच्चारावेत आणि ध्वनी ऐकू येताच मुलाने वाटीत एक खडा टाकावा. या साध्या खेळातून यंत्राची आणि श्रवणाची कल्पना येते.

खुणांची भाषा शिकविल्यास मूल बोलणार नाही, ही भीतीही निराधार आहे. लहानपणी कोणतीही एक भाषा पक्की झाली, की तिच्या आधाराने वाचन उभे राहते. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने कर्णबधिरांना सर्वांत सुयोग्य भाषेतून व माध्यमातून शिक्षण देण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकली आहे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही भारतीय सांकेतिक भाषेच्या देशभर प्रमाणीकरणाचा पुरस्कार केला आहे.

घरी आणि अंगणवाडीत करावयाचे कार्य खर्चिक नाही. चित्रांचे पुस्तक मुलासमोर असे धरावे, की त्याला चित्र आणि आपला चेहरा दोन्ही दिसतील. आधी त्याला चित्र पाहू द्यावे, ते आपल्याकडे वळले म्हणजे मग सांगावे. कारण ज्या डोळ्यांनी ते पाहते, त्याच डोळ्यांनी ते 'ऐकते'. बाजारातून परतल्यावर घडलेल्या प्रसंगाचे चित्र त्याच्याकडून काढून घ्यावे आणि त्याखाली 'मी पेरू घेतला' असे एक वाक्य लिहावे. स्वतःच्या अनुभवाचे ते वाक्य त्याचे पहिले वाचन ठरते. सुटी अक्षरे घोकण्यापेक्षा अर्थपूर्ण वाक्यांचा असा संग्रह अधिक उपयोगी पडतो.

ग्रामपंचायतींना माझी एकच विनंती आहे. गावात जन्मलेल्या प्रत्येक बालकाची श्रवणतपासणी झाली किंवा नाही, याची विचारणा ग्रामसभेत व्हावी. पटावर नाव आले म्हणजे मूल शाळेत आले, असे होत नाही. भाषा त्याच्यापर्यंत पोहोचली, तरच ते खऱ्या अर्थाने शाळेत आले. ती वेळेवर पोहोचविणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.