स्लिंग कधी लांबवायची आणि कशी



आजचा विषय छोटा आहे, अवघ्या ६० सेंटीमीटरचा. नट किंवा कॅम भेगेत बसवल्यावर आपला दोर त्याला किती लांबीच्या स्लिंगने जोडायचा, एवढाच. फौजेत असताना आणि नंतरही मी पाहिलं आहे की नट बसवायला लोक मन लावून शिकतात, पण त्यापुढची जोडणी उरकून टाकतात. बसवलेला नट टिकतो की निघतो हे मात्र बऱ्याचदा या जोडणीवर ठरतं.

आज आपली बरीच मुलं मुंबई, पुणे, बंगळुरू, दिल्लीच्या कृत्रिम भिंतींवर चढायला शिकतात. चांगली गोष्ट आहे. तिथे बोल्ट साधारण एका रेषेत असतात, वीतभर क्विकड्रॉ पुरतो आणि दोर सरळ वर जातो. मग हीच मुलं सह्याद्रीत किंवा हिमाचलच्या ग्रॅनाइटवर जातात आणि कमरेला तेच वीतभर क्विकड्रॉ लावतात. भेग काही आपल्या सोयीने धावत नाही. एक नट डावीकडे बसतो, पुढचा कॅम तीन हात उजवीकडे, त्यावर एखादं छत. आपला बेसॉल्ट तर लाव्हाच्या थरांचा. टप्पा, कडा, पुन्हा टप्पा. प्रत्येक कडेवर दोर घासतो आणि वळतो.

यातून तीन नुकसानं होतात.

पहिलं, दोर जड होतो. कॅराबिनरवरून दोर पूर्ण उलटा, म्हणजे १८० अंशांत वळला, तर ओढ साधारण दीडपट लागते. ४५ अंशांची चार वळणं म्हणजे तेच १८० अंश. अशी आठ वळणं झाली की दीड गुणिले दीड, सव्वादोन पट. खडकावर घासणं वेगळंच. वळणं किती यापेक्षा त्यांच्या कोनांची बेरीज किती, हे महत्त्वाचं. वर पोहोचलेला लीडर दोन्ही हातांनी दोर ओढतो आणि तो हलत नाही, त्याचं कारण हेच.

दुसरं, प्रोटेक्शन जागेवरून हलतं. दोर सरकताना आखूड क्विकड्रॉ नटाला वर उचलतो. नट खालच्या ओढीसाठी बसवलेला असतो, वरच्या ओढीने तो अलगद निघतो. कॅमचा दांडा दोराबरोबर डोलतो आणि कॅम भेगेत आत सरकत जातो. एक तर तो रुंद जागी जाऊन सैल होतो, नाही तर असा अडकतो की मागून येणाऱ्याला काढता येत नाही.

तिसरं नुकसान दिसत नाही, म्हणून जास्त घातक. पडल्यावर धक्का शोषतो तो दोराचा ताण. ३० मीटर दोर बाहेर असेल तर ३० मीटर ताणला जायला हवा. पण घर्षणाने दोर मध्येच अडकला, तर फक्त वरचा थोडासा भाग ताणला जातो. धक्का मोठा होतो आणि तो सगळ्यात वरच्या नटावर येतो.

याच वेळी ताणलेला दोर बिलेयर आणि वरचा नट यांच्यामध्ये सरळ व्हायला बघतो. मधले नट आडवे किंवा बाहेर ओढले जातात आणि खालून वर एकेक निघू शकतात, झिपर उघडावी तसे. म्हणून बिलेयरने भिंतीजवळ उभं राहावं आणि पहिलं प्रोटेक्शन बाहेरच्या आणि वरच्या ओढीलाही टिकेल असं असावं. स्लिंग लांबवून हे काम पूर्ण होत नाही.

मग सगळीकडे लांबवावी का? नाही. लांबवण्याची किंमत आहे. १५ सेंटीमीटरच्या जागी ६० सेंटीमीटर वापरलं की दोराचा बिंदू ४५ सेंटीमीटर खाली येतो आणि पडण्याचं अंतर त्याच्या दुप्पट, सुमारे ९० सेंटीमीटरने वाढतं. खाली मोकळी हवा असेल तर चालेल. खाली टप्पा असेल, किंवा जमीन जवळ असेल, तर हेच ९० सेंटीमीटर घोटा मोडतात. म्हणून क्लिप करण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. मी पुढे गेल्यावर दोर इथून कुठे वळेल? आणि इथे पडलो तर खाली काय आहे? दोर वळणार असेल तर लांबवा. खाली टप्पा असेल तर आखूड ठेवा आणि थोडं वर दुसरा नट लावून मग लांबवा.

छताखाली ६० पुरत नाही, १२० ची स्लिंग लागते. तिथे एक गोष्ट बघा. दोराचा कॅराबिनर छताच्या कडेवर आडवा टेकता कामा नये. कॅराबिनर लांबीच्या दिशेने साधारण २० किलोन्यूटन आणि त्याहून जास्त सोसतो, आडवा किंवा गेट उघडं असताना त्याच्या निम्म्याहूनही कमी. कडेवर वाकवला तर त्याचाही भरवसा नाही. दोन-चार बोटं खाली किंवा वर घ्या, पण कड टाळा.

आता जोडणी. ६० सेंटीमीटरची शिवलेली स्लिंग दोन कॅराबिनरमध्ये तिपदरी करून कमरेला लावा. लांबवताना एका कॅराबिनरमधून तीनपैकी दोन पदर सोडा, एक ठेवा आणि ओढा. ओढल्यावर स्लिंग दोन्ही कॅराबिनरमधून खरोखर गेली आहे का ते डोळ्यांनी बघा.

नटाच्या तारेत स्लिंग थेट अडकवू नका. बारीक तार पट्टी कापू शकते. मध्ये कॅराबिनर हवाच. दोन स्लिंग जोडायच्या तर एकमेकींत फास घालण्यापेक्षा मध्ये कॅराबिनर घाला. डायनीमाला गाठ मारली की तिची ताकद निम्म्याच्या आसपास येऊ शकते, शिवाय ती निसरडी असल्याने गाठ सरकते. नायलॉनच्या टेपला वॉटर नॉट मारत असाल तर शेपट्या चार बोटं ठेवा आणि प्रत्येक चढाईआधी तपासा, कारण त्या हळूहळू आत जातात.

आणि रबर. कॅराबिनर फिरू नये म्हणून क्विकड्रॉला रबराचा धारक असतो. तो लांबवायच्या उघड्या स्लिंगवर कधीही लावू नका. एक पदर चुकीचा फिरला की कॅराबिनर फक्त रबरावर लटकतो, आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ओर्पिएरला १२ वर्षांचा एक इटालियन मुलगा पडून गेला. त्याच्या क्विकड्रॉमध्ये स्लिंग कॅराबिनरमधून गेलेलीच नव्हती, नुसतं रबर होतं. ते क्विकड्रॉ कुणी तरी आधी जोडून ठेवले होते. म्हणून साहित्य कुणीही जोडलेलं असो, चढणाऱ्याने स्वतः तपासायचं.

क्लबच्या मंडळींना एक विनंती. पुढच्या शिबिरात छातीएवढ्या उंचीच्या कातळावर, नागमोडी ओळीत पाच नट-कॅम लावा. वीतभर क्विकड्रॉ घालून दोर ओढायला सांगा. कुठला नट उचलला जातो, कुठला कॅम फिरतो, मुलांना जमिनीवर उभं राहून बघू दे. मग स्लिंग लांबवून तोच दोर पुन्हा ओढा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि इथे नट निघाला तरी कुणाला काही होत नाही.