कमी धावलेल्या गाडीचा भाव

 

शेळी, कालवड, शिलाई मशीन यांचे भाव आपल्या गटात कुणालाही विचारा, तोंडावर असतात. घोडेगावच्या बाजारात म्हैस उभी असली, तर आपल्यातली बाई लांबूनच तिची किंमत सांगेल. पण दारातली चारचाकी विकायची वेळ आली, की व्यवहार ओट्यावर पुरुषांत होतो आणि आपण आत चहा टाकतो. चहा बाहेर जाईपर्यंत भाव ठरलेला असतो. गाडी आपल्या नावावर असली तरी असंच होतं. म्हणून आज बोलायचं आहे ते जुन्या, पण कमी धावलेल्या गाडीची रास्त किंमत कशी काढायची, यावर.

आमच्या गटातल्या एका ताईंकडे अशी गाडी होती. २०१२ सालची, पेट्रोलची, छोटी. यजमान नोकरीतून निवृत्त होताना घेतलेली. शिर्डी, शिंगणापूर, नगरचा दवाखाना आणि लेकीचं सासर, यापलीकडे ती फारशी गेली नाही. मीटरवर २८ हजार किलोमीटर. यजमान गेले आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. भावकीतले एक जण ९० हजार म्हणाले, वर "घरातच राहील" असंही म्हणाले. भाचा म्हणाला, मामी, गाडी नवीकोरी आहे, अडीच लाखाच्या खाली बोलूच नकोस. ९० हजार आणि अडीच लाख! ताईंनी दोन्ही आकडे गटाच्या बैठकीत मांडले आणि आम्ही सगळ्या हिशेबाला बसलो.

पहिली गोष्ट, कमी धावणं. घरगुती गाडी वर्षाला साधारण १० हजार किलोमीटर चालते असं धरतात. त्या मानाने ताईंची गाडी फारच कमी चालली. इंजिन, क्लच, गिअर, खालचे सांधे यांची झीज कमी, हे खरं. पण गाडी उभी राहूनही म्हातारी होते, हे विकणारा विसरतो. टायरचं रबर चाललं नाही तरी कडक होतं, त्याला भेगा जातात. बॅटरी बसते. ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा धरतं. पट्टे आणि रबरी नळ्या वाळतात. शेडमध्ये धान्याची पोती असतील तर उंदीर वायरिंग कुरतडतात, हे आपल्याकडे नवीन नाही. त्यात हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते आपल्याच उसाचं असलं, म्हणून जुन्या गाडीला मानवेलच असं नाही. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग त्याला चालतील असे केलेले आहेत. त्याआधीच्या गाड्यांच्या रबरी नळ्या एकदा पाहून घ्याव्या लागतात. शिवाय इथेनॉलही पाणी धरतं, त्यामुळे महिनोन्महिने टाकीत पडलेलं पेट्रोल चांगलं राहत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची. आपला जिल्हा कोरडा. समुद्राकाठच्या गाडीला खालून जसा गंज चढतो तसा इथे सहसा चढत नाही. गिऱ्हाईक आलं की त्याला वाकून खालचा पत्रा बघायला जरूर सांगा.

आता भाव कुठून धरायचा? विम्याच्या कागदावरून नाही. त्या कागदावर गाडीची जी किंमत छापलेली असते, तिचे घटीचे ठरलेले टक्के पाच वर्षांपर्यंतच आहेत. चार ते पाच वर्षांच्या गाडीला नव्या किमतीत ५० टक्के घट धरतात. पाच वर्षांनंतर तो आकडा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या गाडीला तो बाजारभाव होत नाही. आणि नवी घेताना किती मोजले होते, हे तर मनातूनच काढा. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नवी स्वस्त झाली की जुनीचं गिऱ्हाईक हात आखडतं. त्याच्या आधी कुणी काय भावाने विकली, ते आज सांगून उपयोग नाही.

भाव धरायचा तो आज बाजारात असलेल्या तशाच गाड्यांवरून. तेच मॉडेल, तेच इंधन, साल एखादं मागेपुढे. आमच्या मुलींनी मोबाइलवर नगर, संगमनेर, श्रीरामपूर आणि पुणे भागातल्या सात जाहिराती काढल्या. मागणी दीड लाखाच्या थोडं वर ते दोन लाख दहा हजार. या गाड्या ७० ते ९० हजार किलोमीटर चाललेल्या. पण मागणी म्हणजे विक्री नव्हे. आम्ही फोन केले, "शेवटचं किती?" असं विचारलं, तेव्हा दोन ठिकाणी १ लाख ६० ते ६५ हजारांवर गोष्ट आली. मग आम्ही १ लाख ६० हजार हा पाया धरला.

यात कमी धावल्याचे किती मिळवायचे, यावर बैठकीत बराच वेळ गेला. कुणी म्हणालं पन्नास हजार, कुणी म्हणालं काहीच नाही. शेवटी विचारलं ते गावातल्या मेकॅनिकला. म्हटलं, ऐंशी हजार चाललेल्या गाडीला जे काम लवकरच काढावं लागेल आणि हिला लागणार नाही, त्याचा खर्च किती? क्लच आणि खालचं काम धरून त्याने २० हजार सांगितले. गिऱ्हाईकाचे वाचतात तेवढेच त्याच्याकडे मागता येतात. म्हणून अधिक वीस.

मग वजाबाकी. चार टायर १४ हजार, बॅटरी साडेचार हजार, सगळी ऑइलं, कूलंट आणि पट्टे मिळून साडेसहा हजार, कुरतडलेली वायरिंग दोन हजार. एकूण २७ हजार. टायर नवेच दिसतात हो, नक्षी शाबूत आहे, असं ताई म्हणत होत्या. आपण बैलाचे दात बघतो तसं टायरचं वय बघता येतं. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात; पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३११२ म्हणजे २०१२ सालचा एकतिसावा आठवडा. ताईंचे टायर गाडीबरोबरच आलेले होते.

१ लाख ६० अधिक २० वजा २७, म्हणजे १ लाख ५३ हजार. सांगायची किंमत १ लाख ७०, आणि दीडच्या खाली उतरायचं नाही, असं वहीत लिहून ताईंनी सही केली. गिऱ्हाईक यायच्या आधी हे लिहिलेलं असलं, की समोर कोणीही बसला तरी जीभ अडत नाही. हा आकडा त्या एका गाडीचा आहे बरं का. तुमच्या गाडीचा तुम्ही काढा.

एवढ्या कमी किलोमीटरवर गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही, आणि त्याचंही चूक नाही, कारण मीटर मागे फिरवणारे आहेत. म्हणून सर्व्हिसची पुस्तिका शोधा. प्रत्येक सर्व्हिसला तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात. पायाखालच्या पेडलचं रबर, स्टिअरिंग आणि चालकाची सीट यांची झीजही मीटरशी जुळायला हवी. पुरावा नसेल, तर ते वरचे वीस हजार मिळतील असं समजू नका.

भाव पाडायला आणखी एक वाक्य येतं: "पंधरा वर्षं झाली की सरकार भंगारात काढतं." हे अर्धवट ऐकलेलं आहे. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुन्हा होत नाही, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांना आहे. दिल्ली भागातले निर्बंध दिल्लीचे. आपल्याकडे घरगुती गाडीची पंधरा वर्षांनी तपासणी होते, शुल्क आणि पर्यावरण कर भरला की पाच वर्षांसाठी नोंदणी वाढते. ताईंच्या गाडीची मुदत २०२७ साली संपते, म्हणजे तो खर्च घेणाऱ्याला लवकरच येणार. तेवढ्यापुरतं दोन-चार हजार सोडायला हरकत नाही. पण त्या वाक्यावर पन्नास हजार सोडू नका.

कागदांनीही किंमत वरखाली होते. मालक वारले असतील, तर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते. त्याचा अर्ज नमुना ३१. आरटीओला तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा, असा कायदा आहे. उशीर झाला तर दंड भरून होतं, पण तोवर गिऱ्हाईक "कागद नाहीत" म्हणून भाव पाडतं. ताईंनी आधी श्रीरामपूरच्या आरटीओतून गाडी स्वतःच्या नावावर करून घेतली आणि मगच जाहिरात टाकली. कर्ज फिटलं असेल तर बँकेचा बोजाही नमुना ३५ भरून उतरवून घ्या. चलन थकलेलं असेल तर ते आधी भरा.

ताईंची गाडी १ लाख ५६ हजारांना गेली. घेणारी शेजारच्या गावची शिक्षिका. पैसे बँकेत जमा झाल्यावरच चावी दिली. नमुना २९ आणि ३० वर तारीख, नाव, पत्ता सगळं भरून मगच सह्या केल्या. कोऱ्या कागदावर सही केली नाही. गाडी विकली तरी आरटीओत नाव बदलेपर्यंत अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेला आहे. म्हणून नव्या नावाच्या आरसीचा फोटो मोबाइलवर येईपर्यंत ताई त्या शिक्षिकेला दर दोन दिवसांनी फोन करत होत्या. तो आला अठराव्या दिवशी.

पुढच्या वेळी सेकंडहँड शिलाई मशीन आणि पिठाच्या गिरणीचा भाव. नमस्कार.