निमुळती वेणी

बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांत एकाच गल्लीत तीन भाषा नांदतात, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके जुन्या बिदर जिल्ह्यातून निघून मराठवाड्याकडे आले. भालकी, औराद, हुमनाबादकडची मराठी घरे कानडी मुलखात राहिली. तेथे मराठी घरातली वेणी कानडी शेजारणीच्या तोंडी ‘जडे’ होते आणि दखनी बोलणाऱ्या घरात ‘चोटी’ होते. नावे तीन, पण तक्रार एकच. मानेशी मनगटाएवढी जाड असलेली वेणी कमरेपर्यंत पोचताना उंदराच्या शेपटीसारखी का होते? एका बाजूचे केस दुसऱ्या बाजूपेक्षा विरळ आणि आखूड का राहतात?

प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु ज्या घरी मुलगी पाहावयास मंडळी येणार असतात, त्या घरी तो किरकोळ नसतो. वेणीला गंगावन जोडून तिची शेपटी झाकण्याची युक्ती आपल्या आज्या-पणज्यांनी उगाच काढलेली नाही. आणि याच केसांच्या गुंत्यावरून एखाद्या मुलीचे सारे आयुष्य देवीच्या नावे लिहून देण्याचे प्रकार उत्तर कर्नाटकात आणि लगतच्या महाराष्ट्रात घडत आलेले आहेत. त्या गोष्टीकडे मी शेवटी येईन. तोवर थोडा हिशेब करू.

माणसाच्या डोक्यावर अदमासे एक लाख केस असतात. केस महिन्याला एक सेंटिमीटर किंवा त्याहून किंचित अधिक वाढतो. पण तो जन्मभर वाढत राहत नाही. दोन ते सहा वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ वाढल्यावर त्याचे मूळ काम थांबविते, दोन-तीन महिने विसावा घेते, जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा उगवू लागतो. हे लाखभर केस काही एकाच मुहूर्तावर उगवलेले नसतात. प्रत्येकाचे घड्याळ निराळे चालते. म्हणून निरोगी माणसाचेही रोज पन्नास ते शंभर केस गळतात. आठ दिवसांनी एकदा डोक्यावरून न्हाणाऱ्या बाईच्या हाती त्या दिवशी चारपाचशे केसांचा पुंजका आला, तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. तो आठवड्याचा साचलेला हिशेब असतो.

आता वेणीकडे पाहा. एखाद्या गावाची खानेसुमारी करावी तसे तिचे आहे. गावात दहा वर्षांवरील माणसे पुष्कळ, चाळिशीवरील त्याहून कमी आणि ऐंशी ओलांडलेली बोटांवर मोजण्याइतकी. वेणीच्या मुळाशी सारे गाव हजर असते. टोकाशी केवळ ऐंशी ओलांडलेले. समजा, एखाद्या स्त्रीचा प्रत्येक केस बरोबर पाच वर्षे जगतो आणि रोज सारख्याच संख्येने केस गळतात. तिच्या सर्वांत लांब केसाची लांबी साठ-पासष्ट सेंटिमीटर होईल. या लांबीच्या मध्यावर केवळ अडीच वर्षांहून जुने केस पोचलेले असतील, म्हणजे एकूण केसांच्या निम्मे. तीन-चतुर्थांश लांबीवर एक चौथाई उरतील. कोणताही रोग नाही, दृष्ट नाही, कोणाचा शाप नाही. तरीही वेणी निमुळती होणारच.

यात एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. केस निम्मे झाले म्हणून वेणीचा घेर निम्मा होत नाही. तो सुमारे सात दशांश राहतो. उलट, घेर निम्मा झालेला दिसला तर तेथे चौथाईच केस उरले आहेत असे समजावे. म्हणून हळूहळू बारीक होत जाणाऱ्या वेणीची चिंता करू नये. एकाच ठिकाणी एकदम बारीक झालेल्या वेणीची करावी. त्या जागेला आपण ‘पायरी’ म्हणू.

पायरीचा अर्थ लावणे कठीण नाही. मुळापासून पायरीपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे. साधारणतः तितके महिने, किंवा त्याहून थोडे कमी, मागे जावे. पंचवीस सेंटिमीटरवर पायरी असेल तर दोन वर्षांपूर्वी काय घडले ते आठवावे. बहुधा विषमज्वरासारखा मोठा ताप, एखादी शस्त्रक्रिया, फार दिवसांची उपासमार किंवा बाळंतपण आठवेल. अशा वेळी पुष्कळ केसांची मुळे एकदमच कामातून उठतात आणि दोन-तीन महिन्यांनी ते केस एकदमच गळतात. मूल हसू लागले की आईचे केस जातात, असे काही घरांत म्हणतात. त्या बिचाऱ्या मुलाचा त्यात काही अपराध नाही. गरोदरपणी गळावयाचे केस थांबून राहिलेले असतात, म्हणून तेव्हा वेणी भरघोस दिसते. प्रसूतीनंतर ते सारे मिळून निरोप घेतात आणि त्याच सुमारास मूल हसावयास लागते. वर्षभरात डोके पुन्हा भरते. पण नवे केस वीतभर लांब असताना जुने कमरेशी असतात, आणि त्यांच्यामधली पायरी पुढे तीन-चार वर्षे वेणीत दिसत राहते.

मात्र एका बाळंतपणाची तूट भरून निघण्याआधी दुसरे आले, त्यानंतर तिसरे आले, तर पायऱ्या मिळून एक उतारच होतो. तेथे केवळ केसांचा प्रश्न उरत नाही. अंगात लोह कमी असणे हे केस विरळ होण्याच्या कारणांपैकी एक मानले जाते, आणि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरातील सत्तावन्न रक्तक्षयी आढळल्या. कर्नाटकाचा आकडा अठ्ठेचाळिसाच्या जवळ होता. म्हणून वेणी एकाएकी बारीक झाली, त्याबरोबर जिना चढताना धाप लागते, नखे ठिसूळ होतात, पापण्यांची आतली बाजू पांढुरकी दिसते, असे असेल तर तेल बदलण्याऐवजी रक्त तपासून घ्यावे. मानेची कंठग्रंथी बिघडली तरी केस असेच जातात. तीही तपासता येते.

कलबुर्गी म्हणजे तुरीचे आगर. केस हा मुख्यतः प्रथिनाचाच बनलेला असतो, आणि त्या मुलखात डाळ, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, जिला कानडीत पुंडी म्हणतात, हे नित्याचे जेवण आहे. वरून लिंबू पिळले तर पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास मदतच होते. जेवणावर लगेच घेतलेला चहा त्यात मोडता घालतो. अन्न वाईट नाही. ते बाईच्या पानात किती पडते, हा खरा प्रश्न आहे. सर्वांची पाने वाढून झाल्यावर टोपल्यात उरेल ती भाकरी आणि भांड्याच्या तळाशी उरेल ते वरण, असा जिचा क्रम, तिच्या वेणीला आवळेल तेलाचा आणखी एक हात लावून काय होणार?

टोकाकडचे केस विरळ होण्याचे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे झीज. केस मुळाशी जिवंत असतो. कातडीबाहेर आलेला केस निर्जीव असतो. कमरेशी लोंबणाऱ्या टोकाने पाच उन्हाळे पाहिलेले असतात, आणि कलबुर्गीचा उन्हाळा काय असतो हे तेथे एक वैशाख काढलेल्याला सांगावयास नको. त्यात पाणीही जड. ज्या शहाबादी फरशीवर आपली अर्धी स्वयंपाकघरे उभी आहेत, तो चुनखडीचा दगड याच जिल्ह्यातला. चुनखडीच्या थरांतून झिरपलेल्या पाण्यात साबण नीट फेसाळत नाही; त्याचा चिकट साका केसांवर बसतो, केस राठ होतात आणि विंचरताना तुटतात. शिकेकाईचा फेस निराळ्या द्रव्याचा असतो, त्याचा असा साका होत नाही. शिकेकाईने केस वाढतात ही समजूत मला पटत नाही. पण असलेले केस कमी तुटतात, आणि लांब केसांच्या बाबतीत ही गोष्ट लहान नव्हे. विंचरताना आधी टोकाचा गुंता सोडवून मग वर जावे. एका बाजूचे केस आखूड राहत असतील तर कोणत्या कुशीवर झोप येते, भांग वर्षानुवर्षे एकाच जागी पडतो काय, शाळेच्या दोन वेण्या कानाशी किती ताणून बांधल्या जातात, हे पाहावे. सतत ताणलेल्या जागेचे केस पुढे कायमचे विरळ होऊ शकतात.

कपाळाशी उभे राहणारे आखूड केस पाहून ‘सारे केस तुटले’ असा निष्कर्ष पुष्कळ जणी काढतात. असा एक केस पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावा. टोक सुईसारखे बारीक असेल तर तो नव्याने उगवलेला आहे. बोथट किंवा दुभंगलेले असेल तर तुटलेला. न कापलेल्या केसाचे टोक मुळातच निमुळते असते. जावळ काढल्यावर केस दाट येतात असे वाटण्याचे कारणही हेच. कोणाचे जावळ तुळजापुरास निघते, कोणाचे भालकीजवळच्या मैलारच्या खंडोबापाशी. सोहळा आनंदाचा आहे, तो करावा. पण वस्तऱ्याने कापलेल्या केसाचे टोक बोथट झाले म्हणून ते हाताला भरड लागते, एवढेच. कातडीखालच्या मुळाला वस्तऱ्याची वार्ता लागत नाही. त्याचप्रमाणे टोके छाटल्याने केस भराभर वाढत नाहीत. वेणी सारखी दिसते खरी, कारण तिचा विरळ भाग आपण कापून टाकलेला असतो.

बसवकल्याणचे नाव निघाले की अक्कमहादेवी आठवते. बाराव्या शतकात ती कल्याणास शिवशरणांच्या मेळाव्यात आली आणि केशसंभार हेच तिचे वस्त्र होते, अशी परंपरा आहे. चित्रांतून तिचे केस घोट्यापर्यंत एकसारखे दाट दाखवितात. विरक्तीच्या त्या महान प्रतिमेपुढे सेंटिमीटरची पट्टी घेऊन उभे राहण्याची कोणाची छाती आहे? मात्र आरशासमोर उभ्या राहिलेल्या मुलीने आपल्या केसांची तुलना चित्रकाराच्या कुंचल्याशी करू नये, एवढे सांगावेसे वाटते. गुडघ्यापर्यंत केस पोचावयाचे तर एकेक केस दहा वर्षांच्या आसपास टिकला पाहिजे. असे डोके लाखात एखादे.

आता गुंतवळ. फणीत आलेला केसांचा पुंजका जपून ठेवावयाचा आणि दारावर येणाऱ्या फेरीवालीला देऊन त्याबदली सुया, पिना किंवा एखादे भांडे घ्यावयाचे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. त्या गुंतवळातूनच गंगावने होतात. कोप्पळजवळच्या भाग्यनगरात असे केस सोडवून, निवडून त्यांचा मोठा व्यापार चालतो. तेथे सर्वांत कटकटीचे काम असते ते सर्व केसांची मुळे एका बाजूस आणि टोके दुसऱ्या बाजूस लावण्याचे. केसावर कौलांसारखे सूक्ष्म खवले असतात, त्यांचे तोंड टोकाकडे असते. एक केस सुलटा आणि शेजारचा उलटा झाला की खवले एकमेकांत अडकतात आणि गुंता सुटेनासा होतो. लोकरीचा बुरणूस न विणता बनतो तो याच खवल्यांच्या जोरावर.

जट होते ती हीच. गळलेला केस विंचरून काढला नाही तर तो शेजारच्या केसांत उलटासुलटा अडकतो, तेल, धूळ आणि घाम त्याला धरून ठेवतात. आजारपण, उवा, पाण्याची टंचाई, शेतमजुरीमुळे न मिळणारी सवड, ही तिची साधी कारणे आहेत. आणि मग एक नवल घडते. साधी वेणी निमुळती होते, कारण मेलेले केस तिच्यातून निघून जातात. जटेतून कोणीच निघून जात नाही. पाच वर्षांनी गळलेला केसही तेथेच अडकून राहतो, त्याला नवे बिलगतात, आणि जट कमरेखाली, गुडघ्याखाली तशीच जाड वाढत जाते. ही लांबी निसर्गनियमाबाहेरची दिसते, म्हणून लोक हात जोडतात. सौंदत्तीच्या यल्लम्मेने बोलावले असे म्हणतात, आणि त्या डोक्याला फणी, पाणी, कात्री वर्ज्य होते. ते डोके मुलीचे असेल तर तिला देवीला सोडण्याची भाषा सुरू होते. देवीला सोडणे म्हणजे पुढे काय, हे आपण जाणता. कर्नाटकाने १९८२ साली कायदा करून हे समर्पण गुन्हा ठरविले. महाराष्ट्राचा कायदा २००५ चा आहे.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असेही नाही. पोलंडमध्ये शेकडो वर्षे अशा जटा बाळगीत. कापल्यास अंगातला रोग उलटतो अशी तेथे भीती असे. एकोणिसाव्या शतकात क्राकोव्हचे डॉक्टर योझेफ डिट्ल यांनी या समजुतीविरुद्ध मोहीम उघडली. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते करीत आले आहेत. त्यांना कात्रीला एक तास लागतो आणि त्याआधीच्या बोलण्याला कित्येक महिने. जट कापली तर रक्त येईल, कोणी दगावेल, अशी भीती घरात बसलेली असते. केसात रक्तवाहिनी नसते, वेदना नसते. दुखते ती मान, जटेच्या वजनाने. म्हणून जबरदस्ती करू नये. घरातील वडीलधाऱ्या बाईसमोर, तिच्या संमतीने, दिवसाउजेडी ती कापावी. खालच्या कातडीवर जखमा असतील तर डॉक्टरांस दाखवाव्यात. पहिल्या वर्षी केस मानेपर्यंत येतात. दुसऱ्या वर्षाअखेरीस आखूडशी वेणी घालता येते, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिचे टोक इतर कोणत्याही मुलीच्या वेणीसारखेच निमुळते होऊ लागते.