खोपोलीचें पाणी आणि माथेरानची माती

विद्यापीठांत रसायनशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्यांची एक तक्रार वारंवार कानीं येते: निरिंद्रिय रसायन म्हणजे नुसतें पाठांतर, आणि विद्युद्रसायन म्हणजे नुसतीं गणितें. तक्रारींत तथ्य आहे; परंतु तो दोष शास्त्राचा नव्हे, शिकविण्याच्या रीतीचा. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके हिंडून पाहावेत.

प्रथम माथेरान घ्या. तेथील तांबडी माती कपड्यांस लागली कीं सहसा धुवून जात नाहीं. मूळचा खडक तर सह्याद्रीचा काळा कातळ. मग हा रंग आला कोठून? युगानुयुगें कोसळणाऱ्या पावसानें त्या खडकांतील सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून नेलें; बरीचशी सिलिकाही गेली. लोह आणि ॲल्युमिनियम मात्र मागें राहिलें. त्यांचे आयन लहान आणि त्यांवरील विद्युद्भार तिप्पट. ते भोंवतालच्या पाण्यांतून हायड्रोजनचे आयन हुसकून लावतात आणि स्वतः न विरघळणारें हायड्रॉक्साइड होऊन बसतात. हाच आपला जांभा. क्षारपरीक्षणांत लोह व ॲल्युमिनियम तिसऱ्या गटांत एकदम खालीं बसतात, असें विद्यार्थी घोकतो. डोंगरावर तेंच घडलेलें आहे, हें त्यास कोणी सांगत नाहीं!

आतां हा धातु मुक्त कसा करावा? पाण्यांतील द्रावणांतून विजेनें तो निघत नाहीं. त्याचा प्रमाण विभव उणे १.६६ व्होल्ट, म्हणून त्याच्या आधीं हायड्रोजनच सुटतो. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू यांनीं, एकमेकांस ठाऊक नसतां, वितळलेल्या क्रायोलाइटमध्यें ॲल्युमिना विरघळवून हा प्रश्न सोडविला. तपमान सुमारे ९५० अंश.

वीज किती लागते? खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें, भिवपुरीचें १९२२ सालीं. ती वीज ॲल्युमिनियमसाठीं नव्हतीच, मुंबईच्या गिरण्यांसाठीं होती. पण हिशेबास ती सोयीची आहे. खोपोलीस घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खालीं येतें. (एरवीं तें इंद्रायणी-भीमेवाटे बंगालच्या उपसागरास मिळावयाचें, येथें तें पाताळगंगेंत उतरतें. भीमाकांठच्या शेतकऱ्यास हा हिशेब रुचेलच असें नाहीं.) एक घनमीटर पाणी एवढें उतरतांना १.३६ युनिट ऊर्जा देतें. यंत्रांतील घट वजा जातां १.२ धरा. फॅरडेच्या नियमाप्रमाणें २७ ग्रॅम ॲल्युमिनियमला ९६,५०० कूलंबांची तिप्पट लागते. घटाचा दाब चार व्होल्टांहून थोडा अधिक आणि कांहीं प्रवाह वायां जाणारा, असें धरल्यास किलोग्रॅमला सुमारे १३ युनिटें होतात. म्हणजे किलोभर धातूसाठीं सुमारे ११,००० लिटर पाणी घाटावरून खालीं आलें पाहिजे.

उलट जुनें पातेलें वितळवून नवें करावयाचें तर याच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतकीच ऊर्जा पुरते. कारण त्या अणूंना त्यांचे तीन इलेक्ट्रॉन पूर्वींच परत मिळालेले असतात.