चिनी मातीचीं पांखरें

दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत चिनी मातीचे प्राणी मांडण्याची हौस जुनी आहे. १७३० नंतर जर्मनींतील माइसेन येथें योहान योआखिम केंडलर या शिल्पकारानें सॅक्सनीच्या अधिपतीसाठीं मोठमोठे पशुपक्षी घडविले. त्या काळीं ही हौस मुख्यतः राजवाड्यांची होती. पुढें ती इतर सधन घरांतही शिरली, आणि विसाव्या शतकांत तिच्यासवें मर्यादित आवृत्तीची कल्पना आली. पुस्तकाची एक आवृत्ति संपली तर दुसरी निघते. येथें ठरलेले नग निघाले कीं पुन्हां तें शिल्प काढावयाचें नाहीं, असें वचन कारखाना गिऱ्हाइकास देतो. प्रश्न एवढाच कीं, वस्तूचें मोल या वचनांत आहे कीं वस्तूंत?

डोरोथी डॉटी या इंग्रज शिल्पकर्तीचीं पांखरें या प्रश्नाचें उत्तर देतात. त्यांचा जन्म १८९२ सालचा. १७५१ मध्यें स्थापन झालेल्या वूस्टरच्या कारखान्यासाठीं त्यांनीं अमेरिकेंतील पक्षी घडविले. रेडस्टार्ट या चिमुकल्या पक्ष्याची पहिली जोडी १९३५ सालीं बाहेर पडली. तिचे अवघे ६६ संच निघाले.

ही माती हाडांची राख मिसळलेली असते. मूळ नमुन्याचे अनेक तुकडे करून प्रत्येकाचा प्लॅस्टरचा सांचा घेतात, त्यांत पातळ माती ओततात, आणि निघालेले भाग हलक्या हातानें जोडतात. फुलांच्या पाकळ्या बोटांनीं एकेक करून वळाव्या लागतात. भट्टींत माती मऊ पडते व आक्रसते; म्हणून पंखांना आणि डहाळ्यांना टेकू द्यावे लागतात. टेकूही त्याच मातीचे, कारण मूर्तीबरोबर तेही तितकेच आक्रसले पाहिजेत. डॉटीबाईंच्या पांखरांवर झगमगीत झिलई नाहीं; पिसांचा मऊपणा दिसावा म्हणून रंग मंद ठेवलेले आहेत.

पुढें या प्रथेचा व्यापार झाला. कित्येक आवृत्त्या हजारों नगांच्या निघाल्या. कांहीं शोभेच्या ताटल्यांची मर्यादा तर नगांत न सांगतां भट्टीच्या दिवसांत सांगण्यांत आली. भाव वाढेल या आशेनें घेतलेल्या पुष्कळ वस्तू अभिरुचि पालटतांच स्वस्त झाल्या. यास्तव बुडाचा आंकडा वाचण्यापूर्वीं शहाणा संग्राहक पाकळीच्या कडेवरून हळूच बोट फिरवितो. चिकटविलेला भाग रंगाखालीं लपतो. परंतु अतिनील दिव्याखालीं तो बहुधा निराळा चमकतो.

डॉटीबाई १९६२ सालीं निवर्तल्या. वूस्टर शहरांतील तें उत्पादन २००६ सालीं थांबलें. तेथें आतां संग्रहालय आहे. ६६ हा आंकडा कारखान्यानें ठरविला होता. तो दुसरा कोणीही ठरवूं शकला असता. डहाळीवर क्षणभर टेकलेल्या पांखराची मान मात्र पाहणाऱ्या डोळ्यानें व घडविणाऱ्या हातानें ठरविली. कपाटांत एकच पांखरूं असावें, परंतु तें अशा मानेचें असावें.