विद्यापीठातील संकट आणि माहितीचा हक्क



'आणीबाणी' या शब्दाला १९७५ पासून या देशात एक कटू अर्थ चिकटला आहे. संकटाचे निमित्त पुढे करून सत्ता लोकांपासून माहिती दडवते, हा तो अनुभव. विद्यापीठांच्या आवारातील संकटनिवारणाचा विचारही याच कसोटीवर व्हावयास हवा.

अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोघांना गोळ्या घालण्यात आल्या. प्रकरण खाजगी असावे आणि मारेकरी आवाराबाहेर गेला असावा, असे गृहीत धरले गेले. विद्यार्थ्यांना पहिली सूचना मिळाली ती ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांतच नॉरिस हॉलमध्ये आणखी ३० जणांचे हत्याकांड सुरू झाले. मृतांत मुंबईहून शिकावयास गेलेली एक विद्यार्थिनीही होती. शस्त्रे सहज मिळू देणारी व्यवस्था दोषी होतीच; परंतु दोन तासांचे मौन ही प्रशासनाची करणी होती. पुढे २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अशी सूचना विनाविलंब देणे तेथील विद्यापीठांवर बंधनकारक झाले.

याचा अर्थ आवारात बंदुका वाढवाव्यात, असा मुळीच नव्हे. ४ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठात चार विद्यार्थी मारले गेले, ते सुव्यवस्थेसाठी आणलेल्या नॅशनल गार्डच्याच गोळ्यांनी.

आपल्या देशात कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात २५ नोव्हेंबर २०२३ रोजी संगीत कार्यक्रमाच्या वेळी, खुल्या रंगमंचाच्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होऊन चौघांचा अंत झाला. तेथे ना मारेकरी होता, ना शस्त्र. किती माणसे येणार, वाटा किती, दार कोणी व केव्हा उघडावयाचे, एवढ्याच साध्या गोष्टींवर जीव अवलंबून होते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे एक हिशेब मांडील. दुसरे दार कुलूपबंद ठेवण्यात, पहारा अल्प वेतनाच्या कंत्राटी माणसावर सोपविण्यात काटकसर होते ती संस्थेची. किंमत मोजतात ते विद्यार्थी आणि तो पहारेकरी. लाभ एकाचा आणि धोका दुसऱ्याचा, अशी ही वाटणी आहे. ती मोडावयाची तर संकटकाळाची योजना कुलसचिवांच्या कपाटात राहून चालणार नाही. ती वसतिगृहाच्या भिंतीवर लागली पाहिजे, तिची रंगीत तालीम दर सत्रात झाली पाहिजे आणि ती आखणाऱ्या समितीत विद्यार्थी, शिपाई, खाणावळीतील कामगार यांचे प्रतिनिधी असले पाहिजेत. धोक्याची बातमी वेळेवर कळणे ही प्रशासनाची मेहेरबानी नव्हे. तो आवारातील प्रत्येकाचा हक्क आहे.